शून्य का नाही?

"सिस्टर, परत एकदा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा 'चालायलाच पाहिजे' म्हणालात."

सिस्टरनी हातातलं कार्ड चष्म्याजवळ नेलं. समोरच्या खुर्चीत दातांच्या विभागातला तरुण डॉक्टर मधुमेहाचा पेशंट होऊन बसला होता आणि काम फारच मनावर घेऊन कण्हत होता. मधुमेहाने माणूस असा कण्हत नाही, हे खोलीतल्या बावीसही जणांना ठाऊक होतं. पण कुणी बोललं नाही; थोड्या वेळाने ती पाळी प्रत्येकावर यायची होती.

"चालण्याफिरण्याबद्दल तुमच्याशी थोडं बोलू का?" सिस्टरनी वाचलं.

"बोला."

"पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचं?"

"झोपायला," डॉक्टर म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला.

हसू डॉक्टरच्या उत्तरापेक्षा सिस्टरच्या नावाला होतं. सगळं इस्पितळ त्यांना 'झोपा सिस्टर' म्हणायचं. त्यांची नोकरी डोळ्यांच्या वॉर्डात गेली होती. त्या नवीन लागल्या तेव्हा मोतीबिंदू काढलेल्या माणसाला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वळवून बायकोकडे बघायचं नाही. एकदा एक पेशंट पहाटे उठून खिडकीशी गेला आणि त्याचा डोळा गेला. त्या दिवशी पाळी सिस्टरची होती. तेव्हापासून 'झोपा' हा शब्द त्यांच्या तोंडात जो बसला तो बसलाच. पुढे वाळूच्या पिशव्या अडगळीत गेल्या, पेशंट तासाभरात काळा चष्मा लावून चालत घरी जायला लागले, तरी सिस्टर दारापर्यंत जाऊन सांगायच्या, "घरी गेल्यावर झोपा हं."

आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. पेशंटला हालचाल करायला कसं उद्युक्त करावं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. दर विभागाने एक माणूस पाठवायचं होतं. डोळ्यांच्या वॉर्डात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सिस्टरकडे. जाता जाता घोडं गंगेत न्हालं म्हणायचं, दुसरं काय.

शिकवायला आलेल्या मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या. वयाने सिस्टरच्या निम्म्या. पायात कापडी बूट, गळ्यात शिटीसारखं काहीतरी, आणि टेबलावर एक पितळी घंटी. दर चाळीस मिनिटांनी त्या घंटीवर तळवा आपटायच्या आणि सगळ्यांनी उठून दोन मिनिटं उभं राहायचं. घंटी वाजली की सगळ्यांत आधी सिस्टर उठायच्या. घंटीला उठायची त्यांना सवय होती. त्यांच्या घरीही अशीच एक घंटी होती.

"पेशंटला हुकूम सोडायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यालाच बोलतं करायचं. आणि शेवटी हा प्रश्न." त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे वळून विचारलं, "शून्य ते दहा. रोज अर्धा तास चालणं तुम्हाला जमेल असं किती वाटतं?"

"चार," डॉक्टर कण्हत म्हणाला.

"शून्य का नाही?"

डॉक्टर कण्हायचा थांबला. "म्हणजे?"

"चार म्हणालात. शून्य नाही म्हणालात. का?"

"तसं..." त्याने मान खाजवली. पेशंटचं सोंग त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. "कॉलेजात असताना मी रोज टेकडीवर जायचो. एकटाच. वर जाऊन काही करायचो नाही. पण बरं वाटायचं. ते अजून आठवतं."

मॅडम म्हणाल्या, "दहा का नाही असं विचारलं असतं, तर त्यांनी शंभर सबबी सांगितल्या असत्या. शून्य का नाही विचारलं की माणूस स्वतःच्या बाजूने बोलायला लागतो. आत काहीतरी शिल्लक असतंच. तेवढं फक्त बाहेर काढायचं."

सिस्टरनी ते कार्डाच्या मागे लिहून घेतलं. शून्य का नाही. खाली दोन रेघा मारल्या. त्यांना ते मनापासून पटलं होतं.

मग पडद्यावर चित्र आलं. दोन मांड्या, आडव्या कापल्यावर आतून दिसतील तशा. एकीत मांसाचा भरीव गोळा. दुसरीत हाड, त्याभोवती चतकोर मांस आणि बाकी नुसती चरबी. दोन्ही मांड्या एकाच वयाच्या माणसांच्या, मॅडम म्हणाल्या. एक चालता माणूस, एक बसवलेला. "हृदयविकाराच्या पेशंटलासुद्धा आता लवकरात लवकर उठवतात," त्या पुढे म्हणाल्या. "विश्रांती लिहिलेली असते ती काही दिवसांची. घरचे मायेपोटी ती वर्षांची करतात."

दुसरी मांडी सिस्टरच्या ओळखीची होती. रोज सकाळी कोमट पाण्यात फडकं पिळून त्या ती पुसत होत्या.

घंटी वाजली. सिस्टर उठल्या, आणि खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या आधी भीती. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "छे, पायाला मुंग्या आल्यात."

दिवस संपताना मॅडमनी प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं. आज घरी किंवा वॉर्डात एका खऱ्या माणसाशी बोलायचं आणि तीन रकाने भरून आणायचे: आकडा, तो आकडा देण्याचं कारण, पुढचं पाऊल. बाकीच्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं. सिस्टरनी पर्समधल्या डायरीत जपून ठेवलं.

*

यजमान नेहमीच्या जागी होते. खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची, डाव्या हाताला पाण्याचा पेला, उजव्या हाताला औषधांचा डबा, मांडीवर पेपर, हाताशी घंटी. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी चप्पल घालून दारातच उभ्या होत्या. "आज जेवले नीट," एवढं सांगून त्या गेल्या.

सहा वर्षांपूर्वी यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर शेवटी एक शब्द होता: विश्रांती. तो शब्द सिस्टरच्या हातात पडला म्हणजे सोनारानेच कान टोचल्यासारखं झालं. त्यांनी यजमानांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. उठून घ्यावी लागेल अशी एकही वस्तू घरात दूर ठेवली नाही. पंख्याचं बटण खाली आणून घेतलं. घंटी आणली. नातेवाईक म्हणायचे, नशीब काढलंय, घरातच नर्स मिळाली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत यजमान धरून धरून न्हाणीपर्यंत जायचे. नंतर चाकाची खुर्ची आली.

आणि हा माणूस जन्मभर चालण्याची नोकरी केलेला. पाणीखात्यात गळती शोधायचं काम. रस्त्याखालच्या पाइपावर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकायचं. कुठे झिरपतंय ते कानाला कळतं. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आधी, तो मैलोन् मैल चालायचा. सळई अजून दाराच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर आता छत्री अडकवलेली असे.

सिस्टरनी हातपाय धुतले, चहा टाकला आणि जाता येता कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने यजमानांचा पाण्याचा पेला उचलून समोरच्या टेबलावर ठेवला. दोन पावलांवर. तिथून तो स्पष्ट दिसत होता.

मग त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिल्या. यजमानांनी हात डावीकडे नेला. पेला नव्हता. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. हात परत मांडीवर घेतला आणि पेपर उघडला. घंटी वाजवली नाही, हाक मारली नाही. त्यांनी एकदा ओठांवरून जीभ फिरवली. चहा उकळून उतू जाईपर्यंत सिस्टर उभ्या राहिल्या. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी पेला आणून हातात दिला.

"तहान लागली होती तर सांगायचं ना."

"दमून आली आहेस. म्हटलं, होईल सावकाश." त्यांनी पेला एका दमात संपवला.

चहा झाल्यावर सिस्टरनी वेताचा मोडा ओढून समोर घेतला आणि कार्ड काढलं.

"हे काय, परीक्षा आहे का?"

"घरचा अभ्यास दिलाय. मी विचारते, तुम्ही उत्तर द्यायचं."

"बापरे. नापास झालो तर जेवण मिळेल ना?"

"चालण्याफिरण्याबद्दल तुमच्याशी थोडं बोलू का?"

यजमानांनी पेपराची घडी घातली. बायकोने असं परवानगी मागून बोलणं त्यांना नवीन होतं. "बोल की."

"पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचं?"

"तुला माहीत नाही?"

"तुम्ही सांगायचं असतं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पहाटे रस्ता रिकामा असायचा. सळई कानाला लावली की आधी नुसतं घूं-घूं ऐकू येतं. मग चार पावलं पुढे. परत ऐकायचं. परत चार पावलं. आणि एका जागी आवाज बारीक होतो, कुणी दात-ओठ दाबून बोलावं तसा. तिथे खडूने फुली मारायची." ते हसले. "खणणारे यायचे ते शिव्या देतच. पण फुलीखाली पाणी निघालं नाही असं क्वचितच झालं."

कार्डावरचा पुढचा प्रश्न सिस्टरनी वाचला नाही. कार्ड मांडीवर पालथं पडलं.

"अहो, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"तुम्हाला मी बसवलं. डॉक्टरांनी विश्रांती लिहिली ती थोड्या दिवसांची होती. मी डोळ्यांच्या वॉर्डातली. माझ्या डोक्यात तेच. हलला की गेला. मला कुणाला तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मलाच सगळं कळतं असं वाटलं मला."

यजमान काही वेळ घंटीवरचा अंगठ्याचा डाग धोतराच्या काठाने पुसत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तिसऱ्या महिन्यात दाखवायला गेलो होतो बघ. तू औषधांच्या खिडकीशी रांगेत होतीस. डॉक्टर म्हणाले, काय आजोबा, रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाता की नाही? मी म्हटलं, नाही. तर रागावले माझ्यावर. म्हणाले, उद्यापासून सुरू करा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. तू औषधं घेऊन आलीस ती घामाघूम होऊन. रस्ताभर तू मला धरून चालत होतीस, जसा काही मी काचेचा. म्हटलं, हिला आत्ताच नको. हळूहळू दाखवू चालून." ते थांबले. "तू कामाला गेलीस की निघायचो. पहिल्या दिवशी पायरीपर्यंत. मग त्या कुंड्यांपर्यंत. चौथ्या दिवशी फाटकापर्यंत गेलो."

चौथा दिवस सिस्टरना आठवला. त्या लवकर सुटून आल्या होत्या. फाटकाचा गज धरून यजमान उभे होते, तोंड घामाने चकाकत होतं, आणि ते हसत होते. सिस्टरना फक्त घाम दिसला होता. त्यांच्या हातातली पिशवी पडली. त्यांनी तिथेच त्यांची नाडी धरली, शेजाऱ्यांना हाका मारून खुर्ची आणवली, उचलून आत आणवलं, आणि मग जमिनीवर बसून लहान पोरीसारख्या रडल्या. रडता रडता त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. माझी शपथ आहे, मला विचारल्याशिवाय खुर्चीतून उठलात तर.

"शपथ घातली होतीस," यजमान म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. हवापाण्याचं बोलावं तसं ते बोलले.

"असल्या शपथा कुणी पाळतं का हो?"

"तुला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. पुन्हा बघायची नव्हती."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. सिस्टरनी पदराने नाक पुसलं, हात पुढे केला आणि यजमानांचा हात आपल्या डोक्यावरून खाली काढावा तसा धरून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"सुटली," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली. आता उठा."

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. मग सांगितलेलं ऐकायच्या जुन्या सवयीने त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले. खांदे वर आले. मनगटाच्या शिरा फुगल्या. बूड खुर्चीपासून चार बोटं सुटलं, गुडघे एकमेकांवर आपटत लटलट कापायला लागले, आणि ते पुन्हा खाली बसले. सिस्टरनी धरायला हात पुढे केले होते, ते तसेच राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा केलं. या वेळी चार बोटंही नाही.

"दमलो," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. सिस्टरनी तो पुसला आणि न विचारता नाडी धरली. मग लक्षात येऊन सोडली.

यजमानांनीच मोड्याजवळ पडलेलं कार्ड दाखवलं. "तुझा अभ्यास राहिला."

"राहू दे."

"उद्या मॅडम रागावतील. विचार."

सिस्टरनी कार्ड उचललं. अक्षरं पाठ झाली होती, तरी त्यांनी वाचूनच विचारलं. "शून्य ते दहा. फाटकापर्यंत चालणं तुम्हाला जमेल असं किती वाटतं?"

यजमानांनी दाराकडे, सळईकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. प्रामाणिकपणे मोजून बघितल्यासारखं.

"एक," ते म्हणाले.

एक. एक म्हणजे शून्य नव्हे. आत काहीतरी शिल्लक असतंच, मॅडम म्हणाल्या होत्या. त्या मोड्यावरून पुढे सरकल्या.

"शून्य का नाही?"

यजमानांनी त्यांच्या हातावर थोपटलं.

"शून्य म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांची कार्डं गोळा केली. बऱ्याच जणांनी ती सकाळी व्हरांड्यात उभ्या उभ्या भरली होती. आठ, सात, नऊ असे ऐटबाज आकडे होते आणि पुढचं पाऊल म्हणून सगळ्यांचे पेशंट उद्यापासून पहाटे उठणार होते. मॅडम काही तितक्या भोळ्या नव्हत्या. त्या भराभर चाळत गेल्या आणि एका कार्डाशी थांबल्या.

"हे खरं कार्ड आहे," त्या म्हणाल्या. "आकडा एक. पाहा, इथे कुणी खोटा आठ लिहिलेला नाही. आणि कारण: बायकोसाठी." त्यांनी मान वर केली. "कुणाचं आहे?"

सिस्टरनी हात अर्धवट वर केला.

"सिस्टर, काल मी तुम्हालाच टोकत होते," मॅडम हसल्या. "आणि आज तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आकडा एक का असेना, त्याच्या मागे माणूस उभं आहे. घरच्यांसारखं दुसरं औषध नाही. या पेशंटचं काम निम्मं झालंय."

दातांच्या डॉक्टरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उचलून धरल्या. मनापासून वाजवत होते सगळे. शेजारच्या बाईने सिस्टरचा दंड दाबला.

"फक्त शेवटचा रकाना राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "पुढचं पाऊल काय ठरलं?"

सिस्टरनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर कुठून सुरू करावं ते कळेना, आणि सगळ्यांचे चेहरे इतके आनंदी होते.

"लिहायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या.

"हरकत नाही. हे कार्ड मी ठेवून घेऊ? पुढच्या तुकडीला दाखवायला?"

"घ्या."

मॅडमनी कार्ड फायलीत नीट सरळ करून ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि घंटीवर तळवा आपटला. खुर्च्या सरकल्या. बावीसांपैकी एकवीस जण उठले, कुणी हात ताणले, कुणी जांभई दिली, दातांचा डॉक्टर टाचा वर करून उभा राहिला.

"सिस्टर, उठा ना," मॅडम म्हणाल्या. "काल तर प्रत्येक वेळी तुम्हीच पहिल्या होतात."

सिस्टरचे दोन्ही हात मांडीवर होते. घंटीचा आवाज अजून हवेत होता.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी बसते जरा."